एका प्रौढाचे अनुभव

रुपराव लांजेवार यांनी डायरी लिहिणं सोडलं ते ढेमशांमुळे.

आता ढेमसं ही काही माणसाच्या लेखनजीवनात उलथापालथ करणारी भाजी नव्हे. पण त्या दिवशी रुपरावांनी डायरीत लिहिलं होतं, "दुपारी भाकर आणि वांग्याची भाजी. भाजी साधारण." दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर समासात लाल शाईनं लिहिलेलं : "वांगी नव्हती, ढेमसं होती. साधारण म्हणजे काय? स्पष्ट लिहा." खाली तारीख आणि आडवी सही. त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि लिहिलेला कागद दिसला की तो तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. डायरी कपाटात ठेवा, गादीखाली ठेवा, बॅगेत घालून बॅगेला कुलूप लावा, ती तपासून मिळायचीच. एकदा "आज मन उदास आहे" या वाक्यापुढे त्यांनी "कारण?" असं लिहून उत्तरासाठी दोन ओळी जागासुद्धा सोडली होती. रुपरावांनी त्या दोन ओळी भरल्या नाहीत, पण उदास राहायचीही मग सोय उरली नाही.

स्वतः रुपराव प्रौढ शिक्षणाच्या खात्यातले. तरुणपणी कळमेश्वरच्या बाजूच्या खेड्यांमधून सायकल हाणत त्यांनी प्रौढांचे वर्ग चालवले होते. मिशा पिकलेला माणूस पहिल्यांदा पाटीवर स्वतःचं नाव काढतो आणि मग ते पुसायला तयार होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे 'प्रौढ' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, देवळात येतो तसा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दानं केला.

डायरीचं दुःख त्यांनी तळमजल्यावरच्या ओमप्रकाशजींना सांगितलं. ओमप्रकाशजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे मोबाईल, इंटरनेट, टीव्ही आणि मिक्सर या सर्व बाबतींत सुयोग अपार्टमेंट त्यांनाच तज्ज्ञ मानत असे.

"डायरी म्हणजे घरातली चीज, भाऊ. घरातली चीज घरचे वाचणारच," ओमप्रकाशजी म्हणाले. "तुम्ही ब्लॉग लिहा ना."

"ब्लॉग? तो तं सारी दुनिया वाचते."

"कोण वाचते? मी रोज सकाळी साऱ्या लोकायले लिंका पाठवतो. आजवर कोणी उघडली? खरं सांगा, तुम्ही उघडली का एक तरी?"

रुपराव चपापले. लिंक आली की ते अंगठा दाखवायचे आणि पुढे जायचे. गेल्या दिवाळीत तर ओमप्रकाशजींनी पाठवलेल्या शोकसंदेशालाही त्यांचा अंगठा गेला होता.

"बस. सारेच तसं करून राहिले," ओमप्रकाशजी समाधानानं म्हणाले. "लपवायचीच असंन तं चीज लिंक करून ग्रुपवर टाकावी. तिकडे कोणी ढुंकून पाहत नाही."

रुपरावांना ते पटलं. कुलूप दिसलं की पुष्पलताबाई किल्ली शोधत. कुलूपच नसेल तर त्या शोधणार काय? शिवाय मोबाईलच्या पडद्यावर लाल पेन चालत नाही, हा एक मोठाच फायदा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे ओमप्रकाशजींच्या कूलरसमोर बसले आणि ब्लॉग काढायला घेतला.

सुरुवातच अपमानानं झाली. "मी यंत्रमानव नाही" अशा वाक्यासमोर खूण करायची होती. रुपरावांनी उभ्या नोकरीत उत्पन्नाचे, रहिवासाचे, हयातीचे असे नाना तऱ्हेचे दाखले दिले होते, पण आपण माणूस आहोत का, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी खूण केली. तेवढ्यावर त्या कंपनीचं समाधान झालं नाही. तिनं नऊ चित्रं दाखवून त्यातले सिग्नल ओळखायला सांगितले. सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही यावर दोघांचं वाजलं. रुपरावांचं म्हणणं, खांबाशिवाय सिग्नल उभाच राहणार नाही. ओमप्रकाशजींचं म्हणणं, दंड खांबासाठी होत नाही, लाल दिव्यासाठी होतो. चारदा ते यंत्रमानव ठरले. पाचव्यांदा कंपनीनंच हात टेकले.

मग ब्लॉगचं नाव विचारलं. रुपरावांच्या मनात नाव तयार होतं : 'एका प्रौढाचे अनुभव'.

मग प्रश्न आला, "आपल्या ब्लॉगमध्ये प्रौढांसाठीचा आशय आहे काय?"

रुपराव भारावले. सरकारनं खातं गुंडाळलं, वर्ग बंद पडले, नव्या पोरांना प्रौढ शिक्षण म्हणजे काय तेही ठाऊक नाही. आणि इथे सातासमुद्रापलीकडची कंपनी अगत्यानं विचारत होती. ओमप्रकाशजी तेव्हा कूलरमध्ये पाणी टाकायला उठले होते. पुढे त्यांनी हेच शेवटपर्यंत सांगितलं, आणि ते खरंही होतं. रुपरावांनी 'होय' वर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, दाबून धरलं.

लिंक त्यांनी नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या अशा दोन्ही ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "माझे काही अनुभव. सवडीने वाचावे." लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले, अध्यक्ष बाबारावांकडून एक गुलाब आला. पुष्पलताबाईंनी अंगठासुद्धा दाखवला नाही. त्या तेव्हा तूर निवडत होत्या. रुपरावांना इतकं हलकं वाटलं की ते त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी शीळ वाजवत दूध आणायला गेले.

आणि मग ते सुटले. कोणी वाचणार नाही म्हटल्यावर माणसाच्या हाताला जो मोकळेपणा येतो तो काही औरच. 'पाण्याची वाट पाहताना' या लेखात त्यांनी लिहिलं की सोसायटीच्या पंपाची किल्ली अध्यक्षांच्या पायजम्याच्या नाडीला बांधलेली असते, त्यामुळे इमारतीला पाणी मिळणं हे अध्यक्षांच्या झोपण्या-उठण्यावर अवलंबून आहे. 'दुपारी दार लावून' हा लेख भजनी मंडळावर होता. दर गुरुवारी मंडळ त्यांच्याच हॉलमध्ये बसायचं आणि रुपराव आतल्या खोलीत दार लावून पडायचे. मंडळाच्या इंदुताईंबद्दल त्यांनी लिहिलं की टाळ पुढे जातो, इंदुताई मागून येतात, आणि दोघांची गाठ आरतीला पडते. 'कूलरसमोर उघड्या अंगानं' हा निव्वळ उकाड्यावरचा लेख होता.

एक लेख मात्र वेगळा झाला. मागल्या वर्षी पुष्पलताबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं होतं. त्या तिथे असताना रुपराव डबा घ्यायला घरी यायचे आणि बसून राहायचे. त्यांनी लिहिलं, "चूक काढणारं कोणी घरात नव्हतं. आपलं सगळं बरोबर आहे असं वाटायला हवं होतं. पण आपण आहोत की नाही, हेच मला कळेना." हे वाक्य लिहून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि उगाचच कुंडीतली माती उकरत बसले. असलं काही ते डायरीत लिहूच शकले नसते. समासात काय आलं असतं, या कल्पनेनंच त्यांचा जीव अर्धा झाला असता.

पुढच्या दिवसांत सुयोग अपार्टमेंटमध्ये चमत्कार होऊ लागले. सकाळी नळाला धो धो पाणी. अध्यक्ष बाबाराव पायजमा सोडून पँट घालू लागले आणि पंपाची किल्ली पंपाशेजारी खिळ्याला लटकलेली दिसू लागली. इंदुताईंच्या घरून दुपारभर टाळ ऐकू यायचा, एकटाच, सावकाश, मोजून. ब्लॉगच्या कोपऱ्यात वाचकांचा आकडा असतो, तो टरारून वर चालला होता. रुपरावांनी त्याचा अर्थ असा लावला की यंत्रमानव वाचत असावेत. माणसं जिन्यात भेटली की खाली बघत. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र डोळा मारून "चालू द्या, भाऊ" म्हणाले. रुपरावांना वाटलं, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं असावं. रामदासपेठेतल्या एका चांगल्या डॉक्टरचं नाव त्यांनी त्यांना लिहून दिलं.

घोटाळा काय झाला होता हे वाचकांच्या केव्हाच लक्षात आलं असेल. कोणाचा तरी अंगठा दाखवताना चुकून लिंकवर पडला होता, आणि समोर पाटी उभी राहिली होती : "सावधान! या ब्लॉगवरील आशय फक्त प्रौढांसाठी आहे. आपण प्रौढ आहात काय?" खाली दोन बटणं. आणि वर नाव, 'एका प्रौढाचे अनुभव', लेखक रुपराव लांजेवार. ओमप्रकाशजींच्या लिंका वर्षानुवर्षं न उघडणारी ती इमारत त्या एका पाटीनं वाचनाला लागली. लोक 'कूलरसमोर उघड्या अंगानं' पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यात उकाड्याशिवाय काही सापडलं नाही की पुढच्या लेखात असेल म्हणून पुढचा वाचत. सापडायचं काहीच नाही. पण वाचलं असं बोलणार कोण? बोलायचं तर 'मी प्रौढ आहे, पुढे जा' हे बटण दाबलं, हेही कबूल करावं लागलं असतं.

रुपरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कळलं ते गुरुवारांमुळे.

एका गुरुवारी पुष्पलताबाईंनी नेहमीप्रमाणे सतरंज्या घातल्या, पेटी पुसली, चिवडा काढून ठेवला. कोणी आलं नाही. इंदुताईंचा निरोप आला, गुडघे दुखून राहिले. पुढल्या गुरुवारी निरोपही आला नाही. वरच्या मजल्यावरून पेटीचा आवाज मात्र आला. पुष्पलताबाई थोडा वेळ सतरंजीच्या कडेशी बसून राहिल्या, मग त्यांनी पेटीवर कापड घातलं आणि चिवडा परत डब्यात भरला.  शाळा सुटल्यावर गुरुवार हाच त्यांचा वर्ग होता. रुपरावांनी ते दाराआडून पाहिलं. गुरुवारी दार न लावण्याची ती त्यांची पहिलीच दुपार होती.

ते तडक खाली ओमप्रकाशजींकडे गेले. ओमप्रकाशजींनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिथं 'होय' काहून दाबलं?"

सगळं ऐकून रुपराव खुर्चीत बसले ते बसलेच. "पण प्रौढ म्हणजे... प्रौढ म्हणजे तं..." एवढंच ते म्हणत होते. ज्या शब्दासाठी त्यांनी सायकलीच्या दोन गाद्या झिजवल्या, त्याचं जगानं असं काही करून ठेवलं होतं.

"तुम्ही वाचलं काय?" त्यांनी विचारलं.

"मी? राम राम! मी असलं उघडतच नाही," ओमप्रकाशजी म्हणाले. पण त्यांची नजर कूलरवर होती.

सल्ले मग न मागता आले. तिसऱ्या मजल्यावरून सल्ला आला की सारं उडवून टाका. ओमप्रकाशजी म्हणाले, उडवू नका, पुरावा नष्ट केला म्हणतील. नुसता 'होय'चा 'नाही' करावा, तर तेही नको, चोर सावध झाला म्हणतील. एकानं जिन्यात हळूच सांगितलं, "हॅक झालं म्हणा ना. आजकाल साऱ्यांचंच होऊन राहिलं." रुपरावांना तो सल्ला जवळजवळ पटला होता. पण आयुष्यात पहिल्यांदा मनातलं लिहिलं, आणि ते चोरानं लिहिलं म्हणायचं, याला त्यांची जीभ रेटेना.

तोवर फलकावर सूचना लागली. विशेष सर्वसाधारण सभा. विषय एक : एका सभासदाचे प्रौढ स्वरूपाचे लेखन. विषय दोन : त्या सभासदाच्या घरी भरणारे भजनी मंडळ कायमचे अन्यत्र हलवणे. सुयोग अपार्टमेंटच्या सभेला आजवर कधी पुरेशी माणसं जमली नव्हती. लिफ्टच्या विषयाला चार जण आले होते, त्यातले दोघे आदल्या दिवशी लिफ्टमध्ये अडकले होते म्हणून. या सभेला मात्र पार्किंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या.

पुष्पलताबाई येतील असं रुपरावांना वाटलं नव्हतं. त्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या, चष्मा लावून, हातात रुमाल. रुपरावांना वाटलं, मला काय म्हणायचं ते म्हणा, फक्त हिचा गुरुवार वाचवा.

बाबाराव उभे राहिले. "आपली इमारत सभ्य लोकांची आहे," ते म्हणाले. "इथं असलं साहित्य चालणार नाही."

रुपरावांनी प्रौढ शिक्षणाची सगळी हकिगत सांगितली. कळमेश्वर सांगितलं, पाट्या सांगितल्या, मिशा पिकलेले विद्यार्थी सांगितले. लोकांनी ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे," बाबाराव म्हणाले. "पण आत काय लिहिलं?"

"तुम्हीच वाचा ना साहेब."

"आम्ही असल्या गोष्टी उघडत नाही!"

"मंग आत वाईट आहे हे तुमाले कसं समजलं?"

"समजायले काय लागते?" बाबाराव तापले. "माणसाच्या पायजम्याच्या नाडीपर्यंत जाणं, हे काय चांगलं आहे का?"

पार्किंगमधल्या सगळ्या माना एकदम बाबारावांकडे वळल्या. बाबारावांच्याही लक्षात आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, आणि तो रिकामा होता.

"नाडीचं काय घेऊन बसले तुम्ही," इंदुताई मागून कळवळून म्हणाल्या, "मले तं टाळासकट..." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी "कूलरवाल्यात तं काहीच नाही" असं पुटपुटून घेतलं. ओमप्रकाशजी छताकडे पाहत होते. हसू कोणालाच येत नव्हतं, कारण जो हसला त्यानं वाचलं, हे उघड होतं. बाबारावांनी घाम पुसला आणि घाईघाईनं म्हणाले, "मतदान घेऊन टाकू. मंडळ हलवावं असं ज्यांना वाटते..."

"थांबा जी," पुष्पलताबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

रुपराव खुर्चीतून अर्धे उठले.

"मी वाचलं," त्या म्हणाल्या. "लिंक आली त्याच दिवशी वाचलं, अन् तेव्हापासून रोज वाचून राहिली. मी बासष्ट वर्षांची आहे. बटण दाबायले मले काही लाज वाटली नाही. सारं वाचलं. शुद्धलेखन बरं आहे. पण प्रौढ म्हणता तसं त्यात काहीही नाही." त्या क्षणभर थांबल्या. "मी शोधलं. असतं तं मीच पहिली खूश झाली असती."

मग मात्र पार्किंग फुटलं. इंदुताई इतक्या हसल्या की त्यांचे गुडघे खरोखरच दुखायला लागले. रुपराव कानापर्यंत लाल झाले. चारचौघांत बायकोनं निर्दोष सोडवलं ते ठीक, पण ज्या मुद्द्यावर सोडवलं तो मुद्दा काही पुरुषाची छाती फुगवणारा नव्हता. बाबारावांनी ठराव लिहून घेतला : "सदर लेखन सभासदांनी न वाचता निर्दोष ठरवले. मंडळ आहे तेथेच राहील." इंदुताईंनी येत्या गुरुवारी चिवड्याऐवजी आलूबोंडे करा, असं परस्पर सांगूनही टाकलं.

घरी आल्यावर रुपराव सोफ्यावर बसले. मोबाईल काढून त्यांनी त्या 'होय'चं 'नाही' केलं. हे करताना त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. पुष्पलताबाई समोर येऊन बसल्या.

"तुले माहीत होतं," रुपराव म्हणाले. "अन् तुझे गुरुवार गेले. मंग बोलली काहून नाही वं?"

"मी वाट पाहून राहिली होती. तुम्ही येऊन सांगाल म्हणून."

"काय सांगणार?"

"धंतोलीचं." त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. "ते मी तीनदा वाचलं. एवढे वर्षं एका घरात राहून राहिलो, अन् मले ते साऱ्या दुनियेसोबत कळलं. बाबारावले कळलं, ओमप्रकाशले कळलं. ते मले सांगायचं होतं ना? मंग दुनियेले काहून सांगितलं?"

 दुनिया वाचणार नाही म्हणून सांगितलं, हे खरं होतं. पण ते आता म्हणण्यासारखं नव्हतं.

"तोंडानं जमत नाही वं मले," ते शेवटी म्हणाले.

"जमंन. कोणी नाही इथं." पुष्पलताबाईंनी त्यांच्या हातातला मोबाईल घेतला, उशीखाली सरकवला आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बोला."

रुपरावांनी घसा साफ केला, एकदा दाराकडे पाहिलं आणि बोलायला लागले. अडखळत बोलले, मध्ये एकदा थांबले, पुन्हा बोलले. काय बोलले ते इथे सांगता येणार नाही. ते एका माणसासाठी होतं, आणि त्या माणसानं ते ऐकलं.